घरीच असते

मराठीत ‘घरी’ आणि ‘घरीच’ हे दोन वेगवेगळे शब्द आहेत. ‘साहेब आज घरी आहेत’ याचा अर्थ साहेबांना बरे नाही, रजा आहे, किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवून त्यांची मीटिंग चालू आहे. ‘ती घरीच असते’ याचा अर्थ तिला काही काम नसते. व्याकरणात ‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे, ते मूळ शब्दाचे रूप बदलत नाही, असे शाळेत शिकवतात. शब्दाचे रूप बदलत नसेल, बाईची पत बदलते.

मूल लहान असताना आईवडिलांपैकी एकाने नोकरी न करता घर आणि मूल सांभाळणे याला अर्थशास्त्रात विनामोबदला घरकाम व संगोपन म्हणतात. लग्नाच्या बायोडेटात गृहकृत्यदक्ष म्हणतात. शाळेच्या प्रवेश अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहितात आणि त्याखालच्या ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात एक आडवी रेघ मारतात. या लेखाचा विषय ती रेघ आहे.

रेघेचा उगम राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येत सापडतो. पैशांचा हातबदल झाला तर उत्पादन, नाही तर माया. केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात हा पेच मांडला होता: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले की देशाचे उत्पन्न घटते. काम तेच, बाई तीच, फक्त पगार थांबतो. पिगू जन्मभर अविवाहित राहिले, त्यामुळे त्यांच्याकडून तरी असे नुकसान झाले नाही. उलटा प्रयोगही करता येतो. डोंबिवलीतल्या दोन शेजारणींनी एकमेकींची मुले सांभाळायला घेतली आणि दर महिन्याला एकमेकींना आठ हजार रुपये दिले, तर देशाचे उत्पन्न वर्षाला १,९२,००० रुपयांनी वाढते. खिचडी तेवढीच शिजते, मुले तेवढीच रडतात, पैसे जिन्यावरून खालीवर होतात आणि दोन अर्जांवरच्या दोन रेघा पुसल्या जातात.

पैशांचा हातबदल न झालेले सगळेच या व्याख्येला परके नाही. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याने स्वतःला न दिलेले भाडे भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. पशुधनाच्या उत्पन्नात शेणाचे मूल्यही धरतात. म्हणजे डोक्यावरचे छप्पर हिशेबात आहे, गोठ्यातल्या गाईचे योगदान हिशेबात आहे, आणि या दोहोंच्या मधे सकाळपासून जी उभी आहे ती हिशेबाबाहेर. त्यामागचा नियम असा की घरच्यासाठी केलेली वस्तू उत्पादनाच्या कक्षेत बसू शकते, सेवा, स्वतःच्या घराचे भाडे सोडले तर, बसत नाही. तत्त्वतः घरी लाटलेला पापड आत येतो. तो भाजून ताटात वाढणे बाहेर राहते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले, तेव्हा या नियमाला मोठी मजेदार साक्ष मिळाली. लिज्जतच्या भगिनी मळलेले पीठ घरी नेतात, घरीच पापड लाटतात आणि परत आणून देतात. पोळपाट एक, लाटणे एक, हात तेच. पीठ लिज्जतचे असेपर्यंत रोजगार, आणि त्याच पोळपाटावर मुलाच्या डब्याची पोळी पडली की घरकाम. पोळपाटाला यातले काही कळत नाही.

सरकारी सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला कामाचा सांकेतिक आकडा मिळतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ आहे. घरकामाबरोबर सरपण-चारा गोळा करणारे, घरच्यासाठी शिवण-टिपण करणारे ९३ मध्ये जातात. थोडक्यात, स्वतःच्या साडीला फॉल लावत असेल तर बाई ब्याण्णवातून त्र्याण्णवात जाऊ शकते. याला बढती समजू नये, दोन्ही आकडे श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. पुढचा ९४ हा भाडे, व्याज, पेन्शन यांवर जगणाऱ्यांचा आहे, त्यामुळे शेजार तसा प्रतिष्ठितच. २००१ च्या जनगणनेत हा शेजार याहून वाईट होता. काम न करणाऱ्यांच्या गटात गृहिणी, भिकारी, वेश्या आणि कैदी एकत्र बसवले होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात यावर कडक शब्दांत बोट ठेवले.

कामाचे तास मात्र मोजले गेले आहेत. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे. ९७ हा आकडा वाचून पुरुषवर्गाला अभिमान वाटण्याचा संभव आहे, म्हणून खालची टीप वाचणे आवश्यक. ही सरासरी फक्त जे घरकाम करतात त्यांची आहे, आणि असे पुरुष सुमारे २६ टक्के निघाले. बाकीच्यांची ९७ मिनिटे शून्य आहेत. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचेही काम कमी झाले, याचे श्रेय मिक्सरला द्यायचे की पोळी-भाजी केंद्राला, हे आकड्यांवरून कळत नाही.

मिनिटांचे रुपये करण्याची पहिली पायरी १९३४ साली अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी घालून दिली. एखादे काम पैसे देऊन तिसऱ्याकडून करून घेता येत असेल तर ते उत्पादन, अशी त्यांची कसोटी. स्वयंपाक करणे या कसोटीला उतरते, जेवणे उतरत नाही. मुलाला झोपवणे उतरते; त्याला झोपवता झोपवता आपणच झोपी जाणे हा वादाचा मुद्दा आहे. पुढे किंमत लावायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत प्रत्येक कामाला बाजारातला माणूस धरायचा: पोळ्यांना मावशी, धुण्या-भांड्यांना दुसऱ्या मावशी, अभ्यासाला शिकवणीचे सर, तापाला नर्स, ने-आण करायला रिक्षाकाका. बेरीज इतकी फुगते की घरातला कमावता माणूसच कर्जबाजारी ठरतो, म्हणून ही रीत नवऱ्यांमध्ये फारशी लोकप्रिय नाही.

दुसरी रीत संधीच्या किमतीची: ती नोकरीत असती तर किती कमावती, तेवढी तिच्या घरकामाची किंमत. ही दिसायला न्यायाची आणि वागायला विक्षिप्त आहे. तिच्या हिशेबाने बारावी झालेल्या बाईची खिचडी स्वस्त, एमकॉम झालेलीची महाग आणि दंतवैद्य बाईंची सर्वात महाग, मग ती तळाला लागलेली का असेना.

कायद्याने तर याहून सोपी युक्ती काढली होती. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात अपघाताच्या भरपाईसाठी न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरावे असे होते. म्हणजे नवऱ्याला बढती मिळाली की बायकोच्या आमटीचाही भाव वाढणार. चाळीत एका भिंतीला पाठ लावून दोन चुली, दोन्हींवर तुरीची डाळ, पण एक कारकुनाची आमटी आणि एक हेडक्लार्कची.

गृहिणीच्या कामाची किंमत भारतात गांभीर्याने ठरली ती मुख्यतः नुकसानभरपाईच्या खटल्यांत, म्हणजे ती गेल्यानंतर. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागली, तिच्यात गेलेल्या गृहिणींच्या सेवेची किंमत सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महिन्याला ३,००० रुपये धरली. जानेवारी २०२१ च्या निकालात २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे वर दिलेले आकडे न्यायमूर्तींनी उद्धृत केले आणि गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानणे ही तिच्या कामाची दखल असल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. एकूण, किंमत चढत आहे. गैरसोय एवढीच की तिची पावती तिच्या हातात पडत नाही.

जिवंतपणी काही मिळावे असे प्रयत्न झाले. २०१२ साली केंद्रातल्या महिला व बालविकास राज्यमंत्र्यांनी नवऱ्याच्या पगाराचा काही हिस्सा बायकोला द्यावा अशी कल्पना मांडली. पगारवाढीचा अर्ज कोणाकडे करायचा आणि नोटीस किती दिवसांची, हे ठरण्याआधीच ती विरली. त्याच वर्षी गोव्यात गृह आधार योजना आली, २०२३ मध्ये तमिळनाडूने कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना १,००० रुपये ‘हक्काची रक्कम’ या नावाने सुरू केले आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, महिना १,५००. ही रक्कम वेतन नाही, त्यामुळे तिला तासांनी भागणे हा योजनेवर अन्याय आहे. तरी भागायचेच तर दिवसाला ५० रुपये आणि २८९ मिनिटे, तासाला दहा रुपयांच्या आसपास पडतात. एवढ्या पैशांत रिक्षा सोसायटीच्या गेटबाहेरही पडत नाही.

सरकारने काय मानले हा एक भाग. घराने काय मानले हे पाहायचे तर मूल दोन-अडीच वर्षांचे झाल्यावर रात्री जेवणाच्या टेबलावर होणारा हिशेब पाहावा लागतो. मातृत्वाची २६ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली, ती केव्हाच संपलेली असते. आजी गावी परत गेलेली असते. समजा, आईचा पगार हातात ३२,००० आणि बाबांचा ५५,०००. कागद विजेच्या बिलाचा, पाठकोरा. त्यावर ३२,००० लिहून खाली वजाबाकी सुरू होते: पाळणाघर ९,०००, पोळ्या-भाजीच्या मावशी ५,०००, रेल्वेचा पास आणि स्टेशनपर्यंत रिक्षा ३,०००, ऑफिसचे कपडे, चपला आणि कोणाकोणाच्या वाढदिवसाची वर्गणी २,०००, थकून आल्यावर मागवलेले जेवण ५,०००. उरले ८,०००. मग एक वाक्य येते, ते बहुतेक सासूबाईंच्या तोंडून येते पण घरातल्या कोणाच्याही तोंडी शोभते: “एवढ्यासाठी कशाला गं मरमर करायची?”

हिशेबात बेरजेची चूक नाही. चूक पहिल्या ओळीत आहे. पाळणाघरात मूल दोघांचे जाते, शुल्क मात्र आईच्या पगारातून वजा होते. पोळ्या बाबाही खातात, दोन जास्तच. हेच २४,००० बाबांच्या ५५,००० मधून वजा केले तर ३१,००० उरतात, म्हणजे आईच्या पगारापेक्षा हजार रुपये कमी, आणि मग कशाला मरमर हा प्रश्न त्यांनाही विचारता येतो. असा विचारल्याची नोंद कुठे सापडत नाही. अर्धे-अर्धे वाटले तरी तिच्याकडे २०,००० राहतात. शिवाय बिलाच्या मागे जागा संपल्यामुळे काही ओळी लिहायच्या राहून जातात: भविष्यनिर्वाह निधी आणि त्यात कंपनीने घालायची तेवढीच भर, पाच वर्षे भरायला चार महिने उरले असताना सोडलेली ग्रॅच्युइटी, सहा वर्षांनी परत जाताना मुलाखतीत ‘या गॅपमध्ये काय केलंत?’ या प्रश्नाचे उत्तर. त्याचे खरे उत्तर अर्धा दिवस चालेल, म्हणून ती ‘फॅमिली’ एवढेच सांगते.

याचा अर्थ घरी राहण्याचा निर्णय आतबट्ट्याचाच असतो असे नाही. पुष्कळ घरांत तो आनंदाने घेतलेला असतो, आणि मूल मोठे होताना जवळ असणे या गोष्टीचा भाव कोणत्याही बाजारात निघत नाही. पण जो हिशेब म्हणून मांडला जातो तो बहुधा आधीच झालेल्या निर्णयाला नेसवलेली साडी असतो.

एकदा घरी राहिले की आई घराच्या खरेदी खात्याची प्रमुख होते. तिची सत्ता पाच रुपयांपासून सुरू होऊन साधारण पाच हजारांना संपते. मेथीच्या जुडीवर ती भाजीवाल्याशी तीन मिनिटे झुंजते आणि वर मूठभर कोथिंबीर घेते. आठ लाखांची गाडी मात्र शोरूममध्ये चाळीस मिनिटांत ठरते, सीट कव्हर आणि मड फ्लॅप फुकट मिळाल्याच्या आनंदात, आणि त्या वेळी ती मुलाला शूला घेऊन गेलेली असते.

या खात्याची कार्यपद्धती जवळून पाहायची तर सायीचे उदाहरण घ्यावे. रोज एक लिटर दूध तापवून गार झाल्यावर वरची साय चमच्याने अलगद काढून फ्रिजमधल्या स्टीलच्या डब्यात जाते. आठ-दहा दिवसांनी डबा भरला की तिला विरजण लागते. दुसऱ्या दिवशी रवी किंवा मिक्सर, मग ताक आणि वर तरंगणारा लोण्याचा गोळा. गोळा तीनदा धुवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि जागचे हलायचे नाही, कारण कढ संपत आल्याचा आवाज आणि तूप जळल्याचा वास यांत मिनिटभराचे अंतर असते. त्याच मिनिटाला गॅसवाला बेल वाजवतो. शेवटी विड्याच्या पानाचा तुकडा टाकून तूप गाळले की तळाशी बेरी राहते. बाजारभावाने धरले तर यातल्या तुपाला किंमत आहे, ताकाला थोडी आहे. बेरीत साखर घालून ती भांड्यातूनच खाणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला जे मिळते त्याचा दर कोणत्याही दुकानात लावलेला नाही, कारण बेरी विकतच मिळत नाही.

याच्या पलीकडे एक काम आहे, त्याला मिनिटेही लागत नाहीत आणि म्हणून ते कोणत्याच सर्वेक्षणात उतरत नाही. ते म्हणजे लक्षात ठेवणे. लसीच्या डोसची तारीख, सिलिंडर लावला तो दिवस, बालवाडीतला ‘पिवळा दिवस’ आणि पिवळा टी-शर्ट लहान झाल्याची बातमी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांची उरलेली पट्टी, वरच्या मजल्यावरच्या बारशाला काय द्यायचे आणि त्यांनी आपल्याला काय दिले होते. हे सारे नीट पार पडले की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याला पगार लावण्याची रीत नाही.

बालवाडी नऊ ते बारा असते, पालकसभा बुधवारी अकराला, आणि ‘उद्या ज्वालामुखीची प्रतिकृती आणावी’ ही सूचना रात्री साडेआठला ग्रुपवर येते. प्लंबर ‘दोन ते सहाच्या मध्ये कधीही’ येतो. या सर्वांनी घरी कोणीतरी असते हे गृहीत धरलेले आहे. वीज, पाणी, रस्ते यांच्यासारखी ही एक पायाभूत सुविधा आहे, फरक एवढाच की हिच्यावर कर नाही आणि हिच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

घरी वडील राहिले तर शब्दकोशात वेगळी नोंद लागते. ते ‘घरीच’ नसतात, ते ‘सध्या ब्रेकवर’ असतात, किंवा ‘स्वतःचं काहीतरी करताहेत’. त्यांनी मुलाला बागेत नेले की तीन आज्या कौतुकाने मान डोलावतात. आईने नेले तर त्याच आज्या टोपी का घातली नाही ते विचारतात.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच हिशेब डॉलरमध्ये होतो. तिथे डे-केअरचे दर ऐकून आजीला घेरी येते, म्हणून आधी आजीच मागवली जाते: साधारण सहा महिने हिची आई, मग सहा महिने त्याची, व्हिसाच्या मुदतीत बसेल असे. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या एच-फोर व्हिसावर गेलेल्या इंजिनिअर बायकांना तर पूर्वी नोकरीची परवानगीच नव्हती, २०१५ पासून त्यांतल्या काहींना मिळू लागली. त्यांच्या पुरणपोळीची संधीची किंमत जगात सर्वात जास्त भरावी.

बचत हा आईच्या खरेदी खात्याचा गुप्त विभाग. महिन्याच्या खर्चातून उरलेले पैसे डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत आणि भिशीत जातात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि देशभरातल्या नवऱ्यांना स्वयंपाकघरात एक समांतर बँक चालू असल्याचा शोध लागला. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेला हात लावणार नाही असे सरकारने सांगितले होते. तरी एक प्रकरण आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये निकाल गृहिणीच्या बाजूने लागला. घरखर्चातून वाचवलेले पैसे हे तिचे दडवलेले उत्पन्न नाही, असे ठरले. म्हणजे उत्पन्न नसल्याचा तिला झालेला हा एक तरी फायदा.

राहता राहिले हिशेबाचे दप्तर. बहुतेक मराठी घरांत ते स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलेल्या कालनिर्णयवर असते. दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, भांडीवाल्या मावशींचे खाडे, प्रत्येकाची खूण वेगळी, आणि महिनाअखेरीला त्यावरून पैसे कापायचे की नाही याचा विचार. मावशींचे एक बरे असते, खाडा झाला तर तो निदान नोंदला जातो. त्या स्वतःच्या घरी जाऊन तीच भांडी घासतात तेव्हा त्यांचीही नोंद थांबते. घरच्या बाईच्या खाड्यांना कालनिर्णयवर खूण नाही. फेब्रुवारीत तिला दोन दिवस ताप होता, त्या दोन चौकोनांत पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: ‘पोळ्या बाहेरून, १६०.’